यादवी युद्ध वाचताना : प्रस्तावना

12 एप्रिल 1861 रोजी दक्षिण कॅरोलायनातल्या फोर्ट सम्टरवर तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेचे यादवी युद्ध पेटले. तोवर ठाण्याला आगगाडी येऊन आठ वर्षे झाली होती आणि कल्याणपर्यंतचे रूळ 1854 मध्येच पडले होते. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक माल तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेतून, गुलामांच्या हातांनी वेचला जाऊन येत असे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली, तो ओघ आटला आणि लँकेशायरचे व्यापारी खानदेश, वऱ्हाड, धारवाडच्या कापसाकडे वळले. बैलगाड्यांच्या रांगा घाटमाथ्याकडे निघाल्या. 1863 मध्ये बोरघाटातून आणि 1865 मध्ये थळघाटातून गाडी धावू लागली, आणि ठाण्यातल्या आजच्या कोपरीच्या अंगाला लागून जाणाऱ्या मार्गाने कापसाच्या गाठी मुंबई बंदराकडे गेल्या. मुंबईत पैसा खेळू लागला, प्रेमचंद रायचंदांचे नाव घरोघरी झाले, समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे समभाग चढत्या भावाने विकले गेले. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती ली यांनी शरणागती पत्करली आणि त्याच वर्षी हा सगळा डोलारा कोसळला.

तेव्हा अमेरिकेचा इतिहास परक्यांचा आहे, असे समजून हे पुस्तक उघडू नका. त्याचा एक धागा आपल्या दारावरून गेला आहे.

हा धागा पुढे कुठवर न्यायचा, इथूनच अभ्यासकांचे मतभेद सुरू होतात. मे 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, कर्जखते जाळली, आणि हे लोण नगर जिल्ह्यातही पसरले. सरकारने नेमलेल्या आयोगाने कारणांची साखळी मांडली : युद्धकाळातली भाववाढ, तिच्या भरवशावर सढळ हाताने मिळालेले कर्ज, मग घसरलेले भाव, आणि त्यातच फेरपाहणीनंतर वाढलेला शेतसारा. इतिहासकार रवींदर कुमार यांनी ब्रिटिश महसूल-व्यवस्थेमुळे गावातले जुने संबंध कसे उसवले यावर भर दिला. नील चार्ल्सवर्थ यांनी तर 1972 मध्ये, या दंग्यांना नंतरच्या इतिहासकारांनी अवाच्या सवा महत्त्व दिले, अशीच भूमिका घेतली. दंगा एक, दप्तरही बरेचसे तेच; प्रश्न निराळे, म्हणून उत्तरेही निराळी. अर्थभेद म्हणजे काय हे समजून घ्यायला मला याहून सोपे उदाहरण ठाऊक नाही.

कोपरीत वाढलेल्याला तर हे वेगळे सांगायलाच नको. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कितीतरी कुटुंबे इथे स्थिरावली. त्या घरांतले 1947 आणि शेजारच्या आगरी-कोळी घरांतले 1947 यांचे वर्ष एकच, पण आठवण एक नाही. दोन्ही खरी आहेत. इतिहासकाराचे काम त्यांतली एक निवडण्याचे नाही. दोन्ही घरांत एकाच वर्षाचा अर्थ निराळा का झाला, हे शोधण्याचे आहे.

मात्र यावरून सगळेच अर्थ सारख्या मोलाचे ठरतात, असा समज कुणी करून घेऊ नये. माझा या समजुतीला ठाम विरोध आहे. अलेक्झांडर स्टीफन्स हे फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचे उपाध्यक्ष. मार्च 1861 मध्ये सव्हाना शहरातल्या भाषणात त्यांनी उघड सांगितले की, काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि नव्या सरकारची कोनशिला याच तत्त्वावर बसवली आहे. युद्ध हरल्यावर याच स्टीफन्सनी दोन जाडजूड खंड लिहून प्रतिपादन केले की, भांडण राज्यांच्या घटनात्मक हक्कांचे होते, गुलामगिरी हे निमित्त. पराभवानंतर रचलेली ही कैफियत पुढे अनेक दशके दक्षिणेच्या पाठ्यपुस्तकांत शिकवली गेली आणि चौकाचौकांत पुतळ्यांच्या रूपाने उभी राहिली. ती मांडणाऱ्याचे आधीचे शब्दच तिच्या विरोधात साक्ष देतात. कागद काळाच्या क्रमाने लावून वाचले की काही अर्थ उभेच राहत नाहीत.

लढाईहून अधिक वाद झाला तो लढाईनंतरच्या बारा वर्षांवर. मुक्त झालेले गुलाम मतदार झाले, निवडून आले, शाळा काढू लागले. 1877 पर्यंत हा प्रयोग मोडून टाकण्यात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य या कालखंडाला अंदाधुंदीचा काळ म्हणून रंगवत होते. 1935 मध्ये कृष्णवर्णीय अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी ते चित्र उलटे केले. मळे सोडून निघून गेलेल्या गुलामांकडे त्यांनी इतिहास घडवणारी माणसे म्हणून पाहिले; उत्तरेच्या सैन्यात सुमारे 1,80,000 कृष्णवर्णीय सैनिक लढले होते, हे पुन्हा मध्यभागी आणले. विद्यापीठांनी त्यांच्याकडे कित्येक वर्षे काणाडोळा केला. एरिक फोनर यांच्या 1988 च्या ग्रंथानंतर ही दृष्टी अभ्यासाच्या मुख्य प्रवाहात पक्की झाली.

आता महाराष्ट्राकडे या. 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते अमेरिकेतल्या त्या सदाचारी लोकांना अर्पण केले, ज्यांनी गुलामांना दास्यातून सोडवले. फुल्यांपर्यंत अमेरिका कोणत्या वाटांनी आली होती? टॉमस पेनचे लेखन त्यांनी तरुणपणीच वाचले होते. अहमदनगरला अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार यांची मुलींची शाळा त्यांनी पाहिली होती. ते मिशन बोस्टनकडचे, म्हणजे उत्तरेतले. पण ज्या वर्षी ही अर्पणपत्रिका छापली गेली, त्याच वर्षी 13 एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लुईझियानातल्या कोलफॅक्स गावी गोऱ्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्यातल्या अनेकांची ते शरण आल्यानंतर. विसाव्या शतकाच्या मध्यात तिथे लावलेल्या सरकारी फलकावर या घटनेला दंगल म्हटले होते आणि तिने दक्षिणेतल्या गैरकारभाराचा अंत केला, असे लिहिले होते. तो फलक उतरला 2021 मध्ये.

याचा अर्थ फुले भाबडे होते, असा कुणी काढला तर तो मला मान्य नाही. ते अमेरिकेचा इतिहास लिहीत नव्हते. तिथल्या मुक्तीचे उदाहरण समोर ठेवून इथल्या शूद्रातिशूद्रांचे दास्य ते देशबांधवांना दाखवून देत होते, आणि त्या कामासाठी त्यांनी केलेली निवड अचूक होती.

सत्तर वर्षांनी बाबासाहेब आंबेडकरांनी तोच इतिहास वेगळ्या नजरेने वाचला. 1913 ते 1916 ते डनिंग यांच्याच कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. 1940 च्या दशकातल्या लेखनात त्यांनी अध्यक्ष लिंकनच्या ऑगस्ट 1862 च्या पत्रावर बोट ठेवले. संपादक होरेस ग्रीली यांना लिहिलेल्या त्या पत्रात लिंकन म्हणतात की, एकाही गुलामाला मुक्त न करता संघराज्य वाचत असेल तर तेही ते करतील. स्वराज्य आणि अस्पृश्यता यांबाबत गांधींची भूमिका बाबासाहेबांना याच जातीची वाटली. लिंकनच्या बाजूने बोलणारे अभ्यासक सांगतात की, मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा जुलैमध्येच मंत्रिमंडळापुढे ठेवला गेला होता आणि हे पत्र लोकमत तयार करण्यासाठी होते. वाद आजही मिटलेला नाही. बाबासाहेबांचा प्रश्न मात्र त्यापलीकडचा होता : दुसऱ्या कुणाच्या गरजेपोटी मिळालेली मुक्ती ती गरज सरल्यावर टिकते का? कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज जात असल्याचे कळताच त्यांनी 1946 मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्याची प्रत मागवली आणि ड्यू बॉइसनी आपुलकीने उत्तर दिले. पुढे 1972 मध्ये मुंबईच्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, तेव्हा नाव घेतले तेही ओकलंडच्या ब्लॅक पँथरवरून.

पुस्तक कसे वाचावे, असे तरुण वाचक विचारतात. पहिल्या प्रकरणापासूनच सुरू करावे असे नाही. ज्याला अर्थकारणाची गोडी आहे त्याने कापसाच्या प्रकरणाकडे आधी जावे. ज्याला फुले-आंबेडकर जवळचे आहेत त्याने शेवटून वाचत मागे यावे. कुठलाही इतिहासकार वाचताना त्याचे साल आणि गाव पाहून ठेवावे, आणि शक्य तिथे मूळ कागदाला हात घालावा. स्टीफन्सचे भाषण, लिंकनचे पत्र, फुल्यांची अर्पणपत्रिका, तिन्ही मिळून एका संध्याकाळचे वाचन आहे.

आणि ज्यांना पुढे संशोधन करायचे आहे, त्यांच्यासाठी मराठीत काम पडून आहे. अमेरिकन मिशनने 1842 मध्ये अहमदनगरला सुरू केलेल्या ‘ज्ञानोदय’ने मिशनच्याच देशातले हे युद्ध मराठी वाचकांना कसे सांगितले? खानदेशातल्या अडत्यांच्या त्या चार वर्षांच्या चोपड्यांत काय नोंदले गेले? असे कागद वाचायला मोडी येणारी आणि अमेरिकेचा इतिहास जाणणारी माणसे हवीत. या पुस्तकाच्या वाचकांतून तशी दोन-चार जरी निघाली, तर त्यांच्या लेखनाची मी आतुरतेने वाट पाहीन.