धाव ते टायर : घाटवाटेवरील चाकाचा इतिहास

चाकाचा इतिहास सांगताना बहुधा चाकाचेच वर्णन होते. ते ज्या भूमीवरून फिरावयाचे तिचा विचार मागे पडतो. वस्तुतः चाकाचे रूप भूमीनेच ठरविले आहे, आणि याचे कोकणाइतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. रत्नागिरी जिल्ह्यातील देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्य ठिकाण. उत्तरेस शास्त्री नदीच्या खोऱ्यातील संगमेश्वर, पूर्वेस सह्याद्रीची भिंत, आणि आग्नेयेस साखरप्यावरून आंबा घाटाने कोल्हापुराकडे चढणारा मार्ग. येथे आंब्याच्या पेट्या, काजू अथवा जांभ्याचे चिरे वाहणाऱ्या पिकअप गाडीचा मालक टायर बदलावयास गेला, म्हणजे दुकानदार त्याच्यापुढे 'ऑल टेरेन' म्हणून ओळखले जाणारे, सर्व प्रकारच्या भूमीवर चालणारे टायर मांडतो. ते घ्यावेत की नाही, हा प्रश्न नवा दिसतो. पण त्याचे मूळ फार जुने आहे.

कोकणाने शतकानुशतके या प्रश्नाचे उत्तर चाकच न वापरून दिले होते. खाली भातखाचरांचे बांध व खाड्या, मध्ये जांभ्याचे उघडे सडे, वर घाटाची चढण. अशा प्रदेशात देशावरील बैलगाडी निरुपयोगी होती. माल घाटावरून उतरे तो वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून; गावोगाव जाई तो डोक्यावरून व कावडीतून; समुद्राकडे जाई तो शास्त्री नदीतील गलबतांतून व पडावांतून. सधन मनुष्य मेण्यात बसे, इतर पायी चालत. यात मागासलेपणा पाहणे योग्य नव्हे. बैल प्रत्येक पाऊल पाहून टाकतो, निसरडा दगड टाळतो. चाकाला ती निवड नाही. त्याला अखंड वाट लागते, आणि ती वाट अद्याप कोणी बांधली नव्हती.

पुढे इंग्रजी अमलात घाटरस्ते बांधले गेले आणि त्यांवरून बैलगाड्या चढू-उतरू लागल्या. गाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी पट्टा चढवीत, त्यास धाव म्हणतात. लोहार ती धाव लालभडक तापवून चाकावर बसवी व वर पाणी ओती. लोखंड आकसले की तुंबा, आरे व पाट्या घट्ट आवळल्या जात. ही युक्ती उत्तम होती; पण धाव अरुंद व कठीण असल्याने सारा भार बोटभर जागेवर पडे. कोरड्या खडीवर तिने दगडाचे पीठ केले आणि ओल्या तांबड्या मातीत खोल चाकोरी पाडली. चाकोरीत सापडलेल्या गाडीला दुसऱ्या वाटेने जाता येत नाही. म्हणून तर त्या शब्दाला आपल्या भाषेत दुसरा अर्थ आला. चाक टिकले, पण रस्ता टिकेना, हा लोखंडी युगाचा धडा होय.

या अडचणीचे उत्तर मऊ चाकात होते. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयर याने रबर गंधकासह तापवून त्यास टिकाऊपणा आणण्याची क्रिया शोधली. १८४५ साली रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश गृहस्थाने हवेने फुगविलेल्या चाकाचे पेटंट घेतले. परंतु त्या काळी त्याला गिऱ्हाईक मिळाले नाही. १८८८ साली बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप याने हीच कल्पना स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, आणि सायकलीच्या लाटेवर स्वार होऊन ती जगभर पसरली. १८९५ साली पॅरिस ते बोर्दो व परत या शर्यतीत मिशेलॅं बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार चालवून दाखविली. भारतात १९३६ साली बंगालमधील साहागंज येथे डनलॉपचा कारखाना निघाला. पुढे हवेचे टायर बैलगाडीलाही लागले, आणि खेड्यापाड्यांत 'डनलॉपची गाडी' हा शब्दच रूढ झाला. हवा भार वाटून घेते, आणि म्हणून रस्ता वाचतो. लोखंडाला जे साधले नाही ते हवेने साधले.

तथापि आरंभीचे टायर गुळगुळीत होते व ओल्या रस्त्यावर घसरत. १९०४ साली जर्मनीतील कॉन्टिनेंटल कंपनीने मोटारीसाठी नक्षीदार टायर बाजारात आणला. पुढे अमेरिकेत फायरस्टोनने 'न घसरणारा' या अर्थाची इंग्रजी अक्षरेच टायरच्या पृष्ठावर उठविली. जाहिरात आणि पकड एकाच साच्यात! येथून टायरचा इतिहास नक्षीचा इतिहास झाला.

दुसऱ्या महायुद्धात जीप गाडी आली. तिच्या टायरांवर आडव्या जाड पट्ट्या असत व त्या दोन्ही दिशांनी सारख्याच पकडत. चिखलात त्या उत्तम चालत, डांबरावर मात्र गुरगुरत व लवकर झिजत. १९४७ साली महिंद्र कंपनीने मुंबईत जीप जोडण्यास आरंभ केला, आणि पुढे दुर्गम खेड्यांतून तिची ओळख झाली. इकडे मिशेलॅं कंपनीने १९४६ साली रेडियल टायरचे पेटंट घेतले. त्यात आतील धागे तिरपे न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात व वर पोलादी पट्टा असतो. त्यामुळे बाजू लवचीक राहते आणि तळ रस्त्यावर सपाट बसतो. चिखलाची नक्षी व रेडियल बांधणी यांचा संयोग म्हणजे आजचा 'ऑल टेरेन' टायर. १९७६ साली अमेरिकेत बी. एफ. गुडरिच कंपनीने असा टायर आणला.

आता या इतिहासाच्या उजेडात देवरूखच्या मालकाचा प्रश्न पाहावा. टायरचा तळ म्हणजे रबर आणि रिकामी जागा यांचा हिशेब होय. रिकामी जागा अधिक, तर चिखल झटकला जातो. रबर अधिक, तर डांबरावरील पकड व आयुष्य वाढते. दोन्ही पूर्णपणे एकत्र मिळत नाहीत. सर्व भूमींवर चालणारा टायर ही तडजोड आहे, सिद्धी नव्हे. म्हणून गाडी वर्षातून किती दिवस कच्च्या वाटेवर असते, हे मालकाने आधी मोजावे. चिरेखाणीत अथवा बागेच्या तांबड्या वाटेने रोज उतरणाऱ्या गाडीस असे टायर खरोखर उपयोगी पडतात; जांभ्याच्या धारदार कडांपासून जाड बाजू त्यांचे रक्षण करते. परंतु जी गाडी साखरप्यावरून आंबा घाट चढून कोल्हापूरची पेठ गाठते, तिचा खरा शत्रू चिखल नव्हे, तर भर पावसातील ओले डांबर व उतरणीचे वळण होय. तिला पाणी बाहेर टाकणाऱ्या लांब चरांचा, रस्त्याचाच टायर अधिक हितकर. कित्येक टायरांच्या बाजूवर एम व एस ही अक्षरे असतात. ती चिखल आणि बर्फ या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे होत, ओल्या डांबरावरील पकडीची हमी नव्हे.

नक्षीपेक्षाही महत्त्वाचे ते भाराचे मान. बाजूवर लिहिलेला भारांक १०० असेल, तर तो एक टायर ८०० किलो पेलतो. मालाचा मोह याहून मोठा असता कामा नये. त्याच बाजूवरील चार आकडे जन्मतारीख सांगतात : २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षे पडलेला टायर नवा दिसला तरी त्याचे रबर म्हातारे झालेले असते. चरांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी झालेला टायर चारचाकी गाडीस कायद्याने वर्ज्य आहे. पण कोकणच्या पावसात इतकी वाट पाहू नये, कारण चर उथळ झाले की पाण्याचा थर टायर व रस्ता यांच्यामध्ये शिरतो आणि ब्रेक दाबूनही गाडी वाहत जाते.

अर्थात टायर काही सर्वशक्तिमान नव्हे. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत आंबा घाटात दरडी कोसळल्या व रस्ता खचला, तेव्हा कोणत्याही नक्षीचा उपयोग नव्हता. अशा दिवशी गाडी न काढणे हेच शहाणपण. चाकाला बैलाप्रमाणे पाऊल पाहून टाकता येत नाही. ते पाहण्याचे काम माणसाने चाक निवडतानाच करून ठेवावयाचे असते. वंजाऱ्याने बैल निवडला, लोहाराने धाव तापविली, त्या प्रत्येकाने आधी आपली वाट ओळखली होती. टायरच्या दुकानात शिरण्यापूर्वी पिकअपच्या मालकानेही तेवढे करावे.