समासातील नक्षी : सांची ते राज्यघटना

ग्रंथाच्या कोणत्या पानाचा समास नक्षीने सजवावा, हे ठरविताना वाचकाने कोठे थांबावे, हेही ठरत असते. आपल्या परंपरेत या प्रश्नाचे उत्तर जुने आहे.

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दानकर्त्यांचा उल्लेख सांचीच्या शिलालेखांत येतो. सांचीच्या महास्तूपाची वेदिका साधी आहे. तिच्यावर दात्यांची नावे कोरली आहेत. शिल्पवैभव एकवटले आहे ते प्रवेशाच्या चार तोरणांवर.

हीच दृष्टी आम्हांस भारतीय राज्यघटनेच्या मूळ इंग्रजी हस्तलिखित प्रतीत दिसते. संविधान सभेच्या सदस्यांनी २४ जानेवारी १९५० रोजी स्वाक्षऱ्या केल्या, ती ही प्रत. तिचे सुलेखन प्रेमबिहारी नारायण रायजादा यांचे; सजावट नंदलाल बोस व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांची. तरुणपणी नंदलालांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या होत्या. उद्देशिकेभोवतीची नक्षीदार चौकट ब्योहार राममनोहर सिन्हा यांनी रेखाटली. २२ भागांच्या आरंभी चित्रे आहेत. पाचव्या भागारंभी तथागत, तर सातव्या भागारंभी सम्राट अशोक. प्रत्येक भागाला जणू एकेक तोरणच लाभले आहे.

आज संगणकामुळे पानापानांवर बोधिपर्ण वा धम्मचक्र फिकट छापणे सोपे झाले आहे. श्रद्धा समजण्यासारखी आहे. परंतु अक्षरे त्यात बुडतात. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षर नाकारले गेले, त्याच्या हाती जाणारे पान प्रथम स्वच्छ वाचता आले पाहिजे. तोरण सजवावे, वाट मात्र मोकळी ठेवावी, असे आमचे नम्र मत आहे.