मोठच्या टायपिंगच्या दुकानात उबुंटू का रुजली नाही

लिनक्स सामान्य माणसाला झेपेल का, हा प्रश्न वर्गात दरवर्षी येतो. गुणदोषांच्या याद्या पुस्तकांत भरपूर सापडतात, पण त्यांतून उत्तर मिळत नाही. त्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेला एक प्रसंग पाहू.

झाशीहून कानपूरच्या रस्त्याने निघालात की चिरगावच्या पुढे मोठ लागते. झाशीपासून साधारण पन्नास किलोमीटर. मराठी वाचकाला नावावरून विहिरीवरची मोट आठवेल, पण हे तहसिलीचे गाव आहे. उत्तर प्रदेश सरकारने 2012 साली बारावी उत्तीर्ण झालेल्यांना लॅपटॉप द्यायचे ठरवले आणि मार्च 2013 मध्ये वाटप सुरू केले. एचपी कंपनीकडे सुमारे 15 लाख यंत्रांची मागणी नोंदवली होती. झाशी जिल्ह्यातही ती आली. या लॅपटॉपवर विंडोज 7 होती आणि शेजारी उबुंटूही होती. यंत्र सुरू करताना दोहोंपैकी एक निवडायची.

यातले महत्त्व लक्षात घ्या. "लिनक्स बसवायला अवघड" ही नेहमीची तक्रार येथे उरलीच नव्हती. किमतीचा प्रश्नही नव्हता. तरीही त्यानंतरच्या वर्षांत या भागातून आमच्याकडे शिकायला आलेल्या मुलांत उबुंटू नियमित वापरणारी मला अगदी थोडी भेटली.

मुले आळशी होती असे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. कारण तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगच्या दुकानांत शोधावे लागते. अर्ज, शपथपत्र, भाडेकरार हे सारे तेथे कृतिदेव या फाँटात टंकले जाते. नोकरीसाठी हिंदी टंकलेखन शिकणारा मुलगाही तेच शिकतो. कृतिदेवची रचना समजून घ्या. इंग्रजी 'डी'ची कळ दाबली की पडद्यावर क दिसतो, पण फाइलीत साठतो तो 'डी'च. देवनागरी फक्त वरचा मुखवटा. ज्या यंत्रावर हा फाँट नाही तेथे तीच फाइल इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन उघडते. फाँटाची फाइल उबुंटूवर बसवता येते, त्यात अडचण नाही. मात्र काही अर्धाक्षरे आणि जोडाक्षरे उमटवायला ऑल्टची कळ धरून आकडे दाबावे लागतात, आणि ही सोय विंडोजची आहे. टंकलेखकाच्या बोटांना ते आकडे पाठ असतात. उबुंटूवर ती बोटे अडतात. मग दुकानदाराने विंडोज सोडली नाही, आणि त्याच्याकडे छापायला फाइल घेऊन जाणाऱ्या मुलानेही सोडली नाही.

महाराष्ट्रात निराळे काही नव्हते. आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांची श्रीलिपी अशीच, स्वतःच्या सांकेतिक मांडणीची. गंमत अशी की श्रीलिपी बनवणाऱ्या पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकनेच लोहित फाँट मुळात घडवले, आणि रेड हॅटने 2004 मध्ये ते मुक्त परवान्याखाली खुले केले. त्याआधी 2000 च्या सुमारास इंडलिनक्स या प्रकल्पातून स्वयंसेवकांनी लिनक्सचे मेनू भारतीय भाषांत आणायला सुरुवात केली होती. मराठीला याचा थेट फायदा आहे. हिंदीतले श आणि ल आपल्यापेक्षा वेगळे दिसतात, शिवाय 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला फरक दाखवायला वेगळा रफार लागतो. बंद फाँटात हे चुकले तर कंपनीची वाट पाहावी लागते. मुक्त फाँट ज्याला येतो त्याने दुरुस्त करावा. म्हणजे युनिकोडवर चालणारी, सुबक देवनागरी लिनक्सकडे 2013 च्या आधीच होती. ती मोठच्या दुकानापर्यंत पोहोचली नाही, कारण दुकानाला युनिकोडची गरजच पडत नव्हती.

केरळात उलट घडले. तेथे 2001 मध्ये आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्प सुरू झाला. पुढे सरकारी शाळांतले पाठ्यपुस्तक, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मुलांची प्रात्यक्षिक परीक्षा हे तिन्ही लिनक्सवर आले. अडले तर विचारायला शिक्षक होता, आणि त्याच्याकडेही तीच प्रणाली होती. उत्तर प्रदेशात यंत्र दिले गेले, पण त्याच्याभोवतीचे जग जुनेच राहिले. माझ्या मते या दोन राज्यांतला फरक प्रणालीचा नव्हता, विचारायला कोण आहे याचा होता.

आता परिस्थिती बरीच बदलली आहे. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सचेच कर्नल आहे आणि फोनवर सगळे युनिकोडमध्येच लिहितात. सरकारी अर्ज ब्राउझरमध्ये भरले जातात. विंडोज 7 ला मायक्रोसॉफ्टचे सुरक्षा-आधार 14 जानेवारी 2020 ला संपले. त्या काळातला लॅपटॉप तुमच्या घरी पडून असेल तर एक्सएफसीईसारखा हलका डेस्कटॉप असलेली लिनक्स त्यावर चढवून पाहा. जुन्या यंत्राची मेमरी कमी असते, तेव्हा ब्राउझरमध्ये एका वेळी दहा पाने उघडू नका. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत.

वाचणे, लिहिणे, पत्रव्यवहार, व्हिडिओ पाहणे एवढेच ज्याचे काम आहे, त्याला ती खुशाल द्या. टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्या काकांना मात्र देऊ नका. त्यांचे काम विंडोजवरच नीट होते. आणि कोणाच्याही यंत्रावर हात घालण्यापूर्वी त्याच्या जुन्या फाइली कोणत्या फाँटात आहेत ते उघडून बघा. कृतिदेव किंवा श्रीलिपी निघाली, तर आधी त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरे एकदा डोळ्यांखालून घाला, आणि मगच पुढचे काम सुरू करा.