पायथनमधील क्लास

पायथन या संगणकीय भाषेत एकमेकींशी निगडित माहिती आणि त्या माहितीवर चालणाऱ्या क्रिया एकत्र बांधून नवा प्रकार घडवण्याची जी सोय आहे, तिला क्लास म्हणतात. क्लासवरून प्रत्यक्ष तयार होणाऱ्या प्रत्येक नगाला ऑब्जेक्ट किंवा इन्स्टन्स, त्या नगाजवळ साठवलेल्या माहितीला ॲट्रिब्यूट आणि क्लासच्या आत लिहिलेल्या फंक्शनला मेथड अशी नावे आहेत. ही कल्पना नॉर्वेतील ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांच्या सिम्युला ६७ या भाषेतून रूढ झाली. खिदो व्हान रोसम यांनी १९८९ च्या डिसेंबरात ॲम्स्टरडॅम येथे पायथनचे काम हाती घेतले आणि १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्याच आवृत्तीत क्लासचा समावेश होता.

ग्रंथालयाच्या सभासदांची नोंद ठेवायची असेल, तर ‘क्लास’ हा राखीव शब्द, त्यापुढे ‘सभासद’ हे नाव आणि शेवटी अपूर्णविराम अशी ओळ लिहून तिच्याखालचा मजकूर समासापासून आत सरकवून लिहितात. हा मजकूर कोठे संपला हे सांगायला कंस लागत नाही, समासच ते सांगतो. या मजकुरात बहुधा सर्वांत आधी ‘इनिट’ ही मेथड येते, जिच्या नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर असतात. क्लासचे नाव फंक्शनसारखे कंस देऊन लिहिले की पायथन आधी कोरे ऑब्जेक्ट तयार करतो आणि मग या मेथडकडून त्यात सभासदाचे नाव, क्रमांक वगैरे भरून घेतो.

नवशिक्यांना सर्वाधिक अडवतो तो ‘सेल्फ’. हा राखीव शब्द नसून ज्या ऑब्जेक्टवर काम चालले आहे ते ऑब्जेक्ट स्वीकारणाऱ्या पहिल्या पॅरामीटरला संकेताने दिलेले नाव आहे. एखाद्या सभासदाच्या ऑब्जेक्टपुढे टिंब देऊन ‘पुस्तक_घे’ ही मेथड बोलावली, की पायथन ते ऑब्जेक्टच पहिले मूल्य म्हणून गुपचूप पुढे करतो. त्यामुळे मेथड लिहिताना ‘सेल्फ’ विसरले, तर अपेक्षेपेक्षा एक मूल्य जास्त आले अशी तक्रार येते आणि ते जास्तीचे मूल्य कोठून आले हे शिकणाऱ्याला उमगत नाही. जावासारख्या भाषांत हे ऑब्जेक्ट न लिहिताही मेथडमध्ये हजर असते. पायथनने मॉड्युला-३ च्या वळणाने ते उघड लिहायला लावले, आणि ही सक्ती थोडी त्रासदायक असली तरी योग्यच आहे, कारण कोणते ॲट्रिब्यूट ऑब्जेक्टचे आणि कोणते नाव केवळ त्या मेथडपुरते, हे वाचताक्षणी कळते.

ॲट्रिब्यूट शोधण्याचा सर्वसाधारण क्रम असा, की आधी ऑब्जेक्टमध्ये पाहायचे, तेथे नसेल तर त्याच्या क्लासमध्ये आणि तेथेही नसेल तर ज्या क्लासकडून वारसा घेतला असेल त्यात. हा क्रम ध्यानात न घेता ‘पुस्तके’ ही रिकामी यादी ‘इनिट’मध्ये न ठेवता थेट क्लासच्या मजकुरात ठेवली, तर एका सभासदाने नेलेले पुस्तक सगळ्यांच्या नावावर दिसू लागते: कोणाच्याच ऑब्जेक्टमध्ये स्वतःची यादी नसल्याने प्रत्येकाचा शोध क्लासमधल्या त्या एकाच यादीपाशी पोहोचतो आणि नवे नाव तिलाच जोडले जाते. ‘इनिट’मध्ये सेल्फच्या नावे नवी यादी नेमून दिली, की ज्याची त्याला मिळते. सर्वांना समान असलेले मूल्य, जसे की एका वेळी किती पुस्तके नेता येतील ही मर्यादा, क्लासमध्ये ठेवणे मात्र रास्त ठरते.

ज्या क्लासचे काम मुख्यतः माहिती साठवण्याचेच आहे, त्यांच्यासाठी २०१८ च्या ३.७ आवृत्तीपासून ‘डेटाक्लास’ ही सोय आहे. ती ‘इनिट’ आपोआप लिहून देते आणि वर सांगितल्याप्रमाणे रिकामी यादी थेट दिल्यास ती नाकारते.

२००८ च्या ३.० आवृत्तीपासून क्लासची, मेथडची आणि ॲट्रिब्यूटची नावे देवनागरीतही देता येतात, त्यामुळे वरील ‘सभासद’ आणि ‘पुस्तक_घे’ ही नावे पायथनला जशीच्या तशी चालतात. राखीव शब्द आणि ‘इनिट’सारखी ठरीव नावे मात्र रोमन लिपीतच लिहावी लागतात. मराठीपुरती एक अडचण उरते. ‘नेणाऱ्याचे_नाव’ यातील अर्धा ऱ काही कीबोर्डांवर एक अदृश्य जोडचिन्ह घालून टंकला जातो. ते चिन्ह पायथनला नावात चालत नाही, आणि डोळ्यांना अगदी बरोबर दिसणाऱ्या ओळीवर तो चूक दाखवतो.