वावर नवऱ्याचं, मत कोणाचं?



गटाच्या बैठकीत आपण हजेरी घेतो, तेव्हा रजिस्टरात प्रत्येकीचं स्वतःचं नाव असतं. ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ असं कोणी लिहीत नाही. आज त्यात काही विशेष वाटत नाही. पण मतदार यादीत असं नाव लागायला आपल्या आज्या-पणज्यांना किती वाट पाहावी लागली, ती गोष्ट मी आज सांगते.

ही गोष्ट 1937 सालची. इंग्रजांचं राज्य होतं. वाशिम जिल्हा 1905 सालीच मोडून अकोल्यात घातला होता. त्यामुळं वाशिम आणि मंगरूळपीर तेव्हा अकोला जिल्ह्यातले तालुके होते. सगळा वऱ्हाड ‘मध्य प्रांत व वऱ्हाड’ या प्रांतात होता आणि राजधानी होती नागपूर. 1935 च्या कायद्यानं प्रांताचा कारभार निवडून आलेल्या लोकांकडं द्यायचं ठरलं आणि 1937 च्या सुरुवातीला निवडणूक झाली.

मत मात्र सगळ्यांना नव्हतं. जमिनीचा सारा, घर, कर, शिक्षण अशा अटी होत्या. देशभरात शंभरातल्या पंधरा जणांनाही मत मिळालं नाही. बाईला मत हवं असेल, तर साधारणपणे तिच्या नावावर मालमत्ता हवी, नाहीतर तिला लिहिता-वाचता यायला हवं, नाहीतर नवऱ्याकडं ठराविक मालमत्ता हवी. आता सांगा, त्या काळी किती बायांच्या नावावर जमीन होती? किती जणी शाळेत गेल्या होत्या? म्हणजे बहुतेकींचं मत आलं ते नवऱ्याच्या वावरातून. ज्या घरी वावरच नाही, तिथं ना नवऱ्याला मत, ना बायकोला. दुसऱ्याच्या पऱ्हाटीत निंदण करणाऱ्या बाईला तर त्या कायद्यानं मोजलंच नाही.

विधानसभेत जागा होत्या 112. त्यात 84 सर्वसाधारण होत्या आणि त्यांतल्या 20 दलितांसाठी राखीव. मुसलमानांच्या 14. मोठ्या जमीनदारांसाठी 3, आणि सगळ्या प्रांतातल्या बायांसाठीही 3. मूठभर जमीनदार आणि अर्धा प्रांत, दोघांचा वाटा सारखा!

निकाल लागला. काँग्रेसला 70 जागा मिळाल्या, म्हणजे स्पष्ट बहुमत. जुलै 1937 मध्ये डॉ. ना. भा. खरे यांनी मंत्रिमंडळ बनवलं. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला पंतप्रधान म्हणत. आणि विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या अनसूयाबाई काळे. ज्या सभागृहात बाया बोटावर मोजण्याइतक्या, तिथं सभा चालवायच्या खुर्चीवर एक मराठी बाई बसली. पुढं 1942 च्या आंदोलनानंतर चिमूर-आष्टीच्या लोकांना फाशीची शिक्षा झाली, ती रद्द व्हावी म्हणून त्या झटल्या. स्वातंत्र्यानंतर त्या नागपूरच्या खासदारही झाल्या.

त्या विधानसभेनं 1938 साली दारूबंदीचा कायदाही केला. दारूनं घर कसं बुडतं हे ज्या बाईला सगळ्यात जास्त माहीत होतं, तिला तो कायदा करणारे लोक निवडायचा हक्क मात्र नव्हता.

ते कोडं सुटलं संविधानानं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मसुदा समितीचे अध्यक्ष होते. जमीन नको, शिक्षण नको, नवराही नको. 21 वर्षं वय झालं की मत. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत देशात 17 कोटींहून जास्त मतदार होते. आपण तेव्हा जुन्या मध्य प्रदेशात होतो आणि आपली विधानसभा नागपूरलाच होती.

पण तिथंही एक अडचण आली. यादी करणारे दारात गेले, तर कितीतरी बाया स्वतःचं नाव सांगेनात. “अमक्याची बायको, तमक्याची माय” एवढंच सांगत. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवलं, की असं चालणार नाही, स्वतःचं नाव पाहिजे. शेवटी देशात सुमारे 28 लाख बायांची नावं यादीतून गेली. त्यातल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. हक्क होता, पण नाव नाही म्हणून मत गेलं.

आता आजचं पाहू. 2024 च्या विधानसभेत 288 पैकी 21 बाया निवडून आल्या. त्यात एक आपल्या कारंजा मतदारसंघातून. तिसरा हिस्सा बायांना देण्याची घटनादुरुस्ती 2023 साली झाली आहे. ती लागू झाली, तर 288 मध्ये 96 होतील. पण जनगणना आणि मतदारसंघांची नवी आखणी झाल्याशिवाय ती लागू होत नाही.

तोवर आपल्या हातात काय आहे? आपलं नाव. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्याच यादीत राहतं आणि मतदानाच्या दिवशी ती घरी बसते. म्हणून पुढच्या बैठकीत हजेरी झाली, की मतदार यादीही वाचा. नवीन नाव घालायला 6 नंबरचा फॉर्म, पत्ता बदलायला किंवा नाव दुरुस्त करायला 8 नंबरचा. गावचे बीएलओ तो भरून घेतात.

आपल्या पणजीचं मत नवऱ्याच्या सातबाऱ्यावर अडकलं होतं. आपलं तरी एका फॉर्मवर अडकू देऊ नका.