‘सावकारी पाश’ : एक विस्मृत चित्रपट

जमिनीसाठी झगडणाऱ्या शेतकऱ्याचे चित्रपट म्हटले की अमेरिकेकडे पाहण्याची आपणांस सवय आहे. ‘शेन’मध्ये (१९५३) दांडग्या गुरेमालकाने गांजलेल्या शेतकऱ्यांसाठी एक अनोळखी घोडेस्वार पिस्तूल उचलतो. परंतु त्याआधी अठ्ठावीस वर्षे, १९२५ साली, कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला होता, हे कितीजणांस ठाऊक आहे? कथा नारायण हरी आपट्यांची. खोट्या कागदाच्या जोरावर सावकार जमीन गिळतो आणि तरुण शेतकरी, म्हणजे व्ही. शांताराम, शहरात येऊन गिरणीत राबू लागतो. येथे घोडेस्वार कोणी येत नाही.

देवादिकांच्या चित्रपटांची चलती असताना असा विषय घेणे हेच धाडस. ते केले कोणी? तर स्वतःच्या हाताने कॅमेरा जुळविणाऱ्या कारागिराने! (आम्हां रात्रशाळेच्या मंडळींना याचे कौतुक अंमळ जास्तच.) जे. बी. एच. वाडियांच्या आठवणीत अंधुक उजेडातली एक झोपडी आणि कुत्र्याचे रडणे राहिले होते. चित्रपट मूक, तरी रडणे ऐकू आले!

आम्हांला त्यातली गिरणी महत्त्वाची वाटते. मजूर काही गिरणीच्या फाटकाशी जन्मत नाही. त्याच्यामागे गहाण पडलेले शेत असते. मोहन्याचा रेयॉन कारखाना २००९ साली बंद पडला. तेथे राबलेल्या कित्येकांच्या घरी बसले की अजूनही गावाकडच्या सातबाऱ्याची गोष्ट निघतेच.

१९३६ साली हीच कथा बोलपट होऊन आली. मूळ मूकपटाची प्रत मात्र आज कोठेही उपलब्ध नाही.