काचमण्यांतील चांदी

काचमण्यांतील चांदी : काचेच्या मण्यांत शोभेसाठी चांदीचा वर्ख किंवा बारीक तार घालण्याची कला. चांदीच्या दोन भिन्न गुणांवर ही कला आधारलेली आहे. काचेच्या दोन थरांत बंदिस्त केलेली चांदी आपले धातुरूप व चकाकी टिकवून धरते. उलट, तापलेल्या काचेवर उघडी राहिलेली चांदी काही अंशी काचेत शिरते आणि तिला पिवळी वा तपकिरी छटा देते. प्राचीन मणिकारांनी मुख्यत्वे पहिल्या गुणाचा उपयोग केला. दुसऱ्याचा उपयोग आधी काचपात्रांवर झाला व मण्यांत तो पुष्कळ उशिरा रूढ झाला.

धातूचा वर्ख घातलेले मणी ग्रीकांश काळापासून आढळतात. ऱ्होड्स बेटावरील इ. स. पू. तिसऱ्या-दुसऱ्या शतकांतील काच कारखान्याच्या अवशेषांत सुवर्णवर्खी मणी मिळाले आहेत. काचनळीवर वर्ख लावून त्यावर दुसरी रुंद नळी चढवीत, दोन्ही तापवून एकजीव करीत आणि खाचा असलेल्या दगडी साच्यावर दाबून त्यांचे मणी पाडीत. पुढे सोन्याच्या जागी स्वस्त चांदीही वापरात आली. वरचा थर पिवळसर तपकिरी काचेचा असल्यास आतील चांदी सोन्यासारखी भासते. म्हणूनच उत्खननात मिळालेला मणी नुसत्या दिसण्यावरून सुवर्णवर्खी ठरविणे योग्य नव्हे. तसे केल्यास त्याचे मूल्य, तो बाळगणाऱ्यांची सांपत्तिक स्थिती व तत्कालीन व्यापार यांविषयीचे अनुमानही चुकते. याबाबतीत रासायनिक पृथक्करणच निर्णायक ठरते. भारतीय काचेचा इतिहास मो. गं. दीक्षित यांनी हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास (१९६९) या ग्रंथात मांडला. महाराष्ट्रात नेवासे, तेर इ. सातवाहनकालीन स्थळी काचमणी मिळाले असून अशा स्थळांवरील वर्खी मण्यांनाही हीच सावधगिरी लागू पडते.

चांदीने काच रंगविण्याचे तंत्र ईजिप्त व सिरियातील कारागिरांनी इ. स. आठव्या शतकात साध्य केले होते. फुस्टाट (जुने कैरो) येथे सापडलेल्या अशा एका काचपेल्यावर ७७३ मधील सुभेदाराचे नाव आहे. यूरोपात चौदाव्या शतकापासून चर्चच्या खिडक्यांतील पिवळा रंग याच तंत्राने साधला जाऊ लागला. या प्रक्रियेत चांदीचे आयन काचेतील सोडियम आयनांची जागा घेतात. नंतर त्यांचे अतिसूक्ष्म धातुकण बनतात व त्यांच्यामुळे काच पिवळी दिसते.

ज्योतीवर मणी घडविण्याच्या कामात हे दोन्ही गुण एकत्र आले. पूर्वी तेलाच्या वा चरबीच्या दिव्याची ज्योत भात्याने फुंकून प्रखर करीत. व्हेनिसच्या कारागिरांनी या पद्धतीत विशेष नैपुण्य मिळविले. आता इंधनवायू व ऑक्सिजन यांची ज्योत वापरतात. मातीमिश्रित लेप दिलेल्या पोलादी सळईवर वितळलेली काच गुंडाळून मणी घडवितात व त्याभोवती चांदीची तार वेढतात. साधी सोडा-चुना काच सुमारे ७००° से. ला मऊ होते, तर चांदी ९६२° से. ला वितळते. त्यामुळे मऊ काचेत तार दाबून बसविता येते. मात्र ती थेट ज्योतीत धरल्यास वितळते आणि पृष्ठताणामुळे तिचे बारीक गोल थेंब बनतात. तारेवर पारदर्शक काचेचा थर दिला, तर ती आत चकाकत राहते. उघडी ठेवल्यास भोवतालच्या काचेवर पिवळी झाक येते. हस्तिदंती रंगाच्या काचेवर तर चांदीभोवती गडद तपकिरी रेषा उमटतात.

तापमानाबरोबर होणारे चांदीचे प्रसरण या काचेच्या जवळजवळ दुप्पट असते. म्हणून तार बारीकच घ्यावी लागते, नाही तर थंड होताना मणी तडकतो. पूर्ण झालेला मणी भट्टीत सावकाश थंड करणेही आवश्यक असते. दागिन्यांच्या ९२·५ टक्के चांदीत बहुधा तांबे मिसळलेले असते व तापविल्यावर ते काळवंडते. त्यामुळे ९९·९ टक्के शुद्ध चांदी पसंत करतात.

अमेरिकेत १९९३ मध्ये काचमणिकारांची संघटना स्थापन झाली आणि हौशी कलावंतांत या तंत्राचा प्रसार वाढला. भारतात वाराणसी व उत्तर प्रदेशातील इतर केंद्रांत ज्योतीवर घडविलेले चांदीच्या वर्खाचे मणी प्रसिद्ध आहेत. त्यांतही रंगीत पारदर्शक काचेखाली चांदी झाकून चकाकी साधण्याचे जुनेच तत्त्व वापरलेले दिसते.